उडी आणि वस्ती

उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. समर्थ चाफळहून येथे स्नानाला येत, एकदा ते नदीत बुडू लागले तेव्हा मारुतीने त्यांना वाचवले, आणि म्हणून ही स्थापना झाली, असे परंपरा सांगते. आमच्यापैकी एकाच्या वर्गात या कथेवरून बोलणे मारुतीच्या समुद्रोल्लंघनाकडे वळले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला : "सर, मारुतीनं उडी मारली. पण ज्याला उडता येत नाही, तो महिनोन्‌महिने पाण्यावर राहतो कसा? खातो काय, झोपतो कुठं?" वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. इतकी वर्षे मराठीचे अध्यापन करूनही या साध्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

घाटावरच्या माणसाचा समुद्राशी संबंध नाही, असे म्हणून हा प्रश्न टाळता येतो. भूगोलही या समजुतीला पुष्टी देतो. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेपासून अरबी समुद्र सरळ रेषेत ६०-६५ किलोमीटरवर आहे. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्रगमन निषिद्ध मानणारे शास्त्रार्थही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. या सर्वांतून आपल्या मनात समुद्राची एकच कल्पना घर करून बसली. ती म्हणजे ओलांडण्याची जागा. समुद्र एका उडीत पार करायचा असतो. तेथे राहायचे नसते.

इतिहासाची साधनेही याच वळणाने गेली आहेत. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमारातील गुराबा, तरांडी, गलबते, शिबाडे यांची नावे येतात. १६६५ च्या प्रारंभी महाराज मालवणहून स्वतः आरमारासह निघाले, त्यांनी बसरूर लुटले आणि परतताना ते गोकर्णाला उतरले, हेही आपण शिकवतो. पण त्या गलबतांवरच्या खलाशांनी पाणी कशात साठवले, रात्री सुकाणू कोणी धरले, वारा पडल्यावर दिवस कसे काढले, याविषयी आपली पाठ्यपुस्तके गप्प असतात. स्वारीला इतिहास मिळाला, वस्तीला मिळाला नाही.

आणि तरीही घाटावरची माणसे समुद्रावर राहिली आहेत. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. पुढच्या काही दशकांत तेथे गेलेल्यांची संख्या साडेचार लाखांच्या घरात पोचली. बहुसंख्य मजूर कलकत्त्याहून आणि मद्रासहून गेले. पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसे होती, आणि त्यांत रत्नागिरीबरोबर साताऱ्याकडचीही होती. आरंभीच्या काळात हा प्रवास शिडाच्या जहाजांतून होई. कित्येक आठवडे तळमजल्यावरची दाटी, मोजून मिळणारा शिधा, मोजून मिळणारे पाणी, आणि भोवती कधीही न पाहिलेला समुद्र. गिरमिटियांच्या जगात एकाच जहाजाने आलेल्यांसाठी 'जहाजी भाई' हा शब्द रूढ झाला. नुसत्या ओलांडण्यातून असे नाते जन्माला येत नाही. त्यासाठी एकत्र राहावे लागते; एकाचे आजारपण दुसऱ्याने काढावे लागते. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि तेथील मराठी मंडळींनी कोकणातली झाकडी जपली आहे. त्या मजुरांची नावे तेथील नोंदवह्यांत आहेत, पुढील काळातील अनेकांची छायाचित्रेही आहेत. आमच्या अभ्यासक्रमात मात्र ते कोठेच नाहीत.

याच्या नेमके दुसऱ्या टोकाचे उदाहरणही आपल्याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. १९७१ च्या युद्धात 'कामोर्ता' या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटण तालुक्यातील विंचुर्णी या गावी येऊन राहिले. फलटण म्हणजे अवर्षणाचा मुलूख. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास धरणारा माणूस अशा कोरड्या माळावर राहत होता. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी हे आव्हान स्वीकारले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ज्या 'सुहैली'तून एकट्याने, कोठेही न थांबता जगाला पहिली प्रदक्षिणा घातली, ती मुंबईत बांधली गेली होती. त्याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे दोंदे शिकायला गेले.

गोव्यात दिवाडी बेटावरच्या कारखान्यात रत्नाकर दांडेकर यांनी नौका बांधली. आराखडा डच होता आणि त्याचे नाव 'टोंगा ५६'. टोंगा हा प्रशांत महासागरातील बेटांचा देश, आणि ५६ ही नौकेची फुटांतली लांबी. नौकेला नाव दिले 'म्हादेई'. बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या डोंगरांत उगम पावून मांडवी या नावाने गोव्यात समुद्राला मिळणारी ही नदी. ज्या सह्याद्रीतून कृष्णा पूर्वेला गेली, त्याच सह्याद्रीतून म्हादेई पश्चिमेला उतरली.

२००९ च्या उन्हाळ्यात दोंदे 'म्हादेई' मॉरिशसला घेऊन गेले आणि परतीच्या वाटेवर प्रथमच एकटे राहिले. नारळी पौर्णिमा उलटल्यावर, १९ ऑगस्ट २००९ रोजी, त्यांनी मुंबई सोडली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन असे चार मुक्काम करून १९ मे २०१० रोजी ते परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडू लागते. एसटीच्या गाडीच्या साधारण दीडपट लांबीचे हे घर सतत कलंडलेले असते. त्यातला माणूस सलग झोपत नाही. थोडी झोप घेतो, उठून वारा, शीड आणि क्षितिज पाहतो, पुन्हा पडतो. विषुववृत्ताजवळ वारा पडतो तेव्हा त्याला वाट पाहता आली पाहिजे. दक्षिणेकडच्या वादळी पट्ट्यात शीड वेळेवर आखडता आले पाहिजे. स्वयंपाकी, सुतार, शिंपी, मिस्त्री आणि वैद्य तोच असतो. मोडलेली वस्तू दुरुस्त करायला दुकान नाही आणि गाऱ्हाणे ऐकायला शेजारी नाही. यात पराक्रम आहेच. पण त्याहून अधिक रोजचा संसार आहे.

लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये 'तारिणी' या नौकेतून जगाला प्रदक्षिणा घालून आल्या. केपटाउनहून परतताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबावे लागले. हे मजुरांना उतरवले जाई तेच बंदर. 'आप्रवासी घाट' या नावाने तो धक्का २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दोन प्रवासांतले अंतर आम्ही विसरत नाही. एक स्वेच्छेचा, मानाचा. दुसरा पोटासाठी केलेला, कराराने बांधलेला. मजुराच्या हाती सुकाणू कधीच नव्हते. पण समुद्र ही राहण्याची जागा होऊ शकते, हे दोघांनीही आपल्या देहाने जाणले होते.

आवटी २०१८ च्या नोव्हेंबरात गेले. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकारी 'तारिणी'तूनच प्रदक्षिणा करून परतल्या, तेव्हा त्या विद्यार्थ्याची आठवण झाली. त्याचा प्रश्न आता आम्हीच वर्गात विचारतो. बसरूरची स्वारी शिकवताना खलाशांच्या शिध्याविषयी विचारतो, मॉरिशसविषयी बोलताना त्या तळमजल्याविषयी विचारतो. सगळी उत्तरे मिळत नाहीत. संध्याकाळी संगमावर गेले की कृष्णा नेहमीसारखी समुद्राकडे पाठ करून वाहत असते. आपणही तसेच उभे राहिले पाहिजे, असा मात्र काही नेम नाही.