दुष्काळी नगरात गंज येतो कुठून? सायलेन्सरच्या एका जाम बोल्टचा इतिहास

१/
अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचे अहमदनगर, हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला जिल्हा. अकोले तालुक्याचा डोंगराळ पट्टा सोडला, तर येथे पावसाची वाटच अधिक पाहिली जाते. जुन्या वाड्यांच्या दारांवरचे लोखंडी खिळे या कोरड्या हवेत पिढ्यानपिढ्या टिकतात. तरीही याच गावात दहा वर्षे चाललेल्या मोटारीखाली डोकावले, तर सायलेन्सरचे नट-बोल्ट गंजून एकजीव झालेले दिसतात. पाऊस एवढा कमी, मग एवढा गंज येतो कुठून?

२/
या प्रश्नाचे उत्तर अठराव्या शतकातील लंडनमध्ये सापडते. हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने ‘ज्वालाग्राही हवा’ जाळून पाहिली आणि त्या ज्वलनातून शुद्ध पाणी तयार होते, असे १७८४ मध्ये मांडले. पुढे त्या हवेला हायड्रोजन हे नाव मिळाले. पेट्रोल हे कार्बन आणि हायड्रोजन यांच्याच संयुगांचे मिश्रण. त्यामुळे इंजिनात एक लिटर पेट्रोल जळते, तेव्हा वाफेच्या रूपाने साधारण एक लिटर पाणी जन्माला येते.

३/
लांबच्या प्रवासात ही वाफ तापलेल्या नळीतून बाहेर निघून जाते. परंतु गाडी घर ते बाजार एवढीच फिरत असेल, तर सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफ आतच थिजते आणि इंधनाच्या धुरातील आम्ले त्या पाण्यात विरघळतात. जोडावरचे गॅस्केट थोडे जरी सुटले, तरी ही आम्लयुक्त वाफ थेट बोल्टांवर येते. बाहेर दुष्काळ असला, तरी सायलेन्सरच्या पोटात पावसाळा बारमाही असतो.

४/
बोल्टला गंजापासून वाचवण्यासाठी कारखान्यात त्यावर जस्ताचा मुलामा देतात. पण जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते आणि इंजिनालगतच्या मॅनिफोल्डमधून जाणारा धूर याहून कितीतरी तप्त असतो. तेल, ग्रीस, रंग यांपैकी तेथे काहीच तग धरत नाही. उघडे पडलेले पोलाद रोज तापते, रोज निवते. त्यात रस्त्यावरचा चिखल आणि गाडी धुतल्याचे पाणी मिळाले की गंजाला आणखी काही लागत नाही.

५/
गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो; पाणी धरलेला गंज त्याहूनही अधिक. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये मात्र मिलिमीटरच्या अंशाएवढीच फट असते. या फटीत फुगलेला गंज पाचरीसारखा ठासून बसतो. म्हणून जाम झालेला नट हा नुसता ‘घट्ट’ नसतो. त्याच्याभोवती एक नवाच पदार्थ भरलेला असतो. ही गोष्ट ध्यानात आली, की नुसता जोर का चालत नाही हेही उमगते.

६/
आता थोडे आट्यांविषयी. सन १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने अचूक आटे पाडणारे लेथयंत्र सिद्ध केले. तोवर बहुतेक नट आपापल्या बोल्टापुरता घडवला जाई. एकाचा नट दुसऱ्याला बसेलच, याची शाश्वती नसे. मॉडस्लेच्याच कारखान्यात काम शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण ठरवले आणि त्यांचा कोन ५५ अंशांचा ठेवला. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा कोन सुचवला. दोन देश, दोन आटे.

७/
हा फरक दुसऱ्या महायुद्धात महागात पडला. ब्रिटिश आणि अमेरिकन फौजा खांद्याला खांदा लावून लढत होत्या, पण एकीचा बोल्ट दुसरीच्या नटात बसत नव्हता. दुरुस्तीसाठी सुट्या भागांचे दोन वेगळे साठे वाहून न्यावे लागत. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये ‘युनिफाइड’ आट्यांच्या समान प्रमाणावर सह्या केल्या.

८/
या इतिहासाचे अवशेष नगरातच पाहता येतात. १९४८ मध्ये येथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आकाराला आले आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये त्याचे रणगाडा संग्रहालय सुरू झाले. तेथे रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे, ब्रिटिश माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल आहेत, पाकिस्तानकडून हस्तगत केलेले अमेरिकी पॅटन आहेत आणि जपानी रणगाडेही आहेत. व्हिटवर्थची परंपरा, अमेरिकी इंच आणि जपानचे मिलिमीटर या तीन मापपद्धतींत घडलेली यंत्रे येथे एकाच आवारात शेजारी शेजारी उभी आहेत.

९/
रस्त्यावरच्या गाड्यांतही हेच द्वंद्व होते. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेल्या अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनात मुख्यतः इंचातले आटे; इटालियन फियाटवरून मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत मिलिमीटरचे. त्यामुळे मिस्त्रीच्या पेटीत पान्यांचे दोन संच लागत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या नटावर १३ चा पाना चढतो खरा, पण ०.३ मिलिमीटर ढिला राहतो.

१०/
या ०.३ मिलिमीटरमध्येच पुष्कळ बोल्टांचा घात झालेला आहे. गंजलेल्या नटावर ढिला पाना लावून जोर दिला, की त्याचे कोपरे झिजतात, नट गोल होतो आणि पान्याला पकडच उरत नाही. म्हणून जाम नटावर उघड्या तोंडाचा पाना वापरू नये. सहा कडांचा गोटी पाना वापरावा आणि तो हलक्या हातोडीने ठोकून पूर्ण बसवावा. गंजाने नट बराच खंगला असेल, तर एक माप लहान असा गोटी पाना ठोकून घट्ट बसवणे हा जुन्या मिस्त्रींचा मार्ग.

११/
याहून मोठा घात म्हणजे पान्याच्या दांड्याला लांब पाइप लावणे. जोर वाढतो, पण तो गंजापर्यंत पोहोचत नाही. सगळा पीळ पोलादाच्या दांड्यावर येतो. तापून-निवून थकलेला तो दांडा मग इंजिनच्या हेडमध्येच मोडून राहतो. दहा मिनिटांचे काम हेड उतरवून लेथवाल्याकडे नेण्यापर्यंत वाढते. घरी हे काम करणाऱ्याची खरी कसोटी मनगटात नसून थांबण्यात आहे.

१२/
म्हणून कामाचा आरंभ आदल्या दिवशी होतो. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्यावी, मागच्या चाकांना उटी लावावी आणि गाडीचा भार पक्क्या स्टँडवर द्यावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. इंजिन पूर्ण थंड असावे आणि डोळ्यांवर चष्मा हवा, कारण गंजाची खपली डोळ्यात पडते ती वरूनच. नटाबाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. नट त्याच वाटेने बाहेर येणार असतो.

१३/
त्यानंतर तेल. पूर्वी गॅरेजमध्ये रॉकेल किंवा डिझेल वापरत. आता फवाऱ्याचे डबे मिळतात. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये अमेरिकेत सान डिएगो येथे तयार झाले. मूळ उद्देश क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून वाचवणे हा होता. नावातील ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणे आणि ‘४०’ म्हणजे चाळिसावा प्रयत्न. जाम आट्यांसाठी मात्र खास आत झिरपणारे तेल अधिक उपयोगी पडते. ते लावून रात्रभर थांबावे आणि मध्ये एक-दोनदा पुन्हा लावावे.

१४/
सकाळी पहिली हालचाल उलटी करावी, म्हणजे नट सोडण्यापूर्वी किंचित आवळून पाहावा. त्याने गंजाची पकड तडकते. मग पाव फेरा सोडावा, त्यातला अर्धा परत आवळावा, तेल द्यावे, पुन्हा सोडावा. पुढे-मागे केल्याने गंजाचा चुरा होऊन तो आट्यांबाहेर पडतो. एकाच दिशेने ओढत राहिले, तर तोच चुरा पुढच्या आट्यात साचतो आणि नट पुन्हा अडतो.

१५/
एवढ्यानेही नट हलला नाही, तर उष्णतेकडे वळावे लागते. ही विद्या नगर जिल्ह्यातील खेड्यांना मुळीच नवी नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती लालभडक तापवतो. फुगलेली धाव चाकावर सहज बसते आणि वर पाणी ओतताच आवळली जाते. जाम नटाचे गणित तेच, फक्त उलटे. नट फुगवायचा असतो आणि आतला दांडा शक्य तितका थंड ठेवायचा असतो.

१६/
दहा मिलिमीटर व्यासाचा पोलादी नट ५०० अंशांनी तापवला, तर त्याचे भोक साधारण ०.०६ मिलिमीटरने वाढते, म्हणजे केसाच्या जाडीएवढे. वाढ अल्प दिसते, पण गंजाचा थर तडकायला ती पुरते. तापलेल्या नटाशी मेणबत्ती टेकवली, तर वितळलेले मेण केशाकर्षणाने आट्यांत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. ज्योत मात्र पेट्रोलच्या नळ्या, टाकी, सीएनजीची जोडणी आणि रबरी भाग यांच्याजवळ कदापि नेऊ नये. आदल्या रात्रीचे तेलही आधी पुसून काढावे.

१७/
तरीही नट अडूनच राहिला, तर त्याचा मोह सोडावा. छिन्नीने किंवा ग्राइंडरने नटाची एक बाजू चिरावी. दांडा वाचतो आणि नट दोन रुपयांचा असतो. दांडाच मोडला असेल, तर नेमका मध्य साधून भोक पाडावे आणि टॅपने आटे पुन्हा मारावेत. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असेल, तर हे काम कसबी माणसावर सोपवण्यात कमीपणा नाही. मऊ धातूत ड्रिल क्षणात भरकटते.

१८/
मग हे संकट पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे? त्याचे उत्तर सोळाव्या शतकातील नगराने घडवलेल्या एका वस्तूत दडले आहे. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, १५४९ मध्ये, येथे एक प्रचंड तोफ ओतली गेली. ओतणारा होता रूमी खान या नावाने ओळखला जाणारा तुर्की ओतारी. ही तोफ म्हणजेच ‘मलिक-ए-मैदान’, मराठी मुखातली ‘मुलुखमैदान’. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगितले जाते आणि धातू कांस्याचा, साधारण चार भाग तांबे व एक भाग कथील.

१९/
विचार केला, तर तोफ म्हणजेही जळत्या वायूला वाट देणारी नळीच. बारुदीची राख हवेतला ओलावा शोषते आणि लोखंड कुरतडते; सायलेन्सरचा शत्रूही असाच. तोफा कांस्याच्या ओतण्यामागे गंज हे एकच कारण नव्हते. त्या काळी एवढे मोठे लोखंडी ओतकाम जवळपास अशक्य होते आणि कांस्य फुटण्याचा धोका कमी होता. पण कांस्यावर येणारा हिरवट थर खालच्या धातूचे रक्षण करतो, हा लाभ तोफेच्या आयुष्यभर मिळत राहिला. परांड्याहून १६३२ मध्ये विजापूरला नेलेली ही तोफ आजही तेथील शर्जा बुरुजावर आहे.

२०/
मोटारींनीही हाच धडा गिरवला. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरची नळी जोडणारे नट पितळेचे असत. पितळ हे कांस्याचेच भावंड. त्यात कथिलाऐवजी जस्त असते. त्याला लोखंडासारखा फुगणारा गंज चढत नाही आणि तापल्यावर ते पोलादाच्या दीडपट फुगते, म्हणून पोलादी दांड्याशी एकजीव होत नाही. आजही जुना नट काढल्यावर त्या जागी पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेला नट लावावा आणि आट्यांना तांबेमिश्रित, उष्णता सोसणारे ग्रीस चोपडावे. पुढच्या वेळी तोच नट साध्या पान्याने सुटतो.

२१/
हे सारे एका क्षुल्लक बोल्टासाठी कशाला? कारण जुनी गाडी जपणाऱ्याला तो बोल्टही एक दस्तऐवज असतो. आट्यांचा कोन आणि पान्याचे माप यांवरून यंत्र कोणत्या देशाच्या परंपरेतले, कोणत्या पिढीतले, याचा माग लागतो. घाईने मोडलेला बोल्ट टपरीवरच्या कुठल्याही बोल्टाने बदलता येतो. त्यावर लिहिलेला पुरावा मात्र परत मिळत नाही.

२२/
सारांश: कोरड्या नगरातला हा गंज मुख्यतः आभाळातून पडत नाही, तो इंधनाच्या ज्वाळेतून जन्मतो. त्यावर मात करण्याचे तीन उपाय या मातीला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत: लोहाराची उष्णता, मिस्त्रीचा धीर आणि ओतारीचे तांबे. रणगाडा संग्रहालयात गेलात, तर रणगाड्यांच्या तोफांइतकेच त्यांच्या धुराड्यांच्या जोडांकडेही निरखून पाहा. तेथील प्रत्येक नट केव्हातरी कोणाच्या तरी हाताने सोडलेला आणि पुन्हा आवळलेला आहे.