आधी तुकडे, मग सांधे

आपल्या घरांतली कितीतरी मुले-मुली आज इंजिनिअर आहेत. यंत्र प्रत्यक्ष घडवण्याआधी ते संगणकावर तपासणे, हे त्यांच्यातल्या अनेकांचे रोजचे काम. त्यातली साधी वाटणारी एक पायरी म्हणजे दोन भाग जोडणे. तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

सुरुवात झाली ती तुकडे करण्यापासून. १९५६ साली अमेरिकेत टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी एक रीत प्रसिद्ध केली. विमानाच्या रचनेचे लहान लहान भाग कल्पायचे, प्रत्येकाचा ताठरपणा मांडायचा आणि मग सगळ्यांची एकत्र बेरीज करायची. १९६० मध्ये क्लफ यांनी तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. दोन तुकडे ज्या गाठीवर भेटतात, तेथे दोघांचे सरकणे एकच धरायचे, हा या रीतीचा कणा.

संगणकाला घन आकार हाताळता येऊ लागले ते १९७० च्या दशकात. इंग्लंडमध्ये केंब्रिजला इयन ब्रेड यांनी, तर अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात व्होल्कर आणि रेक्विशा यांनी घनाकृतींची बेरीज, वजाबाकी आणि छेद करणाऱ्या प्रणाली उभ्या केल्या. शाळेत आपण संचांचा संयोग आणि छेद शिकलो, तेच हे गणित. त्याला नाव लाभले जॉर्ज बूल यांचे. जोडे शिवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा विद्यापीठाची पदवी नसताना कॉर्कला प्राध्यापक झाला आणि १८५४ मध्ये त्याने तर्कशास्त्र बीजगणितात मांडले.

आता तांब्याच्या बुडाचे स्टीलचे पातेले घ्या. दोन्ही भागांचा संयोग केला, तर दुधात साखर विरघळावी तसे ते एक होतात. संगणक सगळे पातेले एकाच धातूचे समजतो. नुसते शेजारी ठेवून सांधा सांगितलाच नाही, तर बुडाची उष्णता वर चढतच नाही. तिसरा मार्ग वाड्यातल्या सामायिक भिंतीचा: दोन्ही घरे आपापली, मधली भिंत एक. धातू वेगळे राहतात, पण जोडावरच्या गाठी दोघांच्या असतात. येथे हाच मार्ग योग्य.

धोका असा की पडद्यावर तिन्ही चित्रे सारखीच दिसतात आणि उत्तरही तितक्याच सुरेख रंगांत येते. आजची सॉफ्टवेअरे सांधे स्वतः हुडकतात खरी, पण किती बारीक फट असली तरी भाग चिकटलेले धरायचे, तो आकडा माणसानेच तपासायचा असतो. पुढे त्याच हिशोबावर खरे यंत्र उभे राहते.

म्हणून गणपतीसाठी घरी आलेल्या आपल्या इंजिनिअर मंडळींना आपण कौतुकाबरोबर एवढे जरूर विचारावे: बाळ, सांधा कोणता धरलास, आणि का?