धानाच्या मुलखातली निजायची जागा

उसे उत्तरेला नको, कारण मग पाय दक्षिणेकडे, यमाच्या दिशेला जातात. जेवल्यावर शतपावली घालावी आणि डाव्या कुशीवर थोडे पडावे. निजण्याविषयी मराठी घरांत जे सांगितले जाते ते बहुतेक दिशा आणि कूस एवढ्यातच आटोपते. तुमसर तालुक्याचा, म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातल्या धानाच्या मुलखाचा विचार केला, तर मात्र या दोन्ही गोष्टी मागे पडतात. तिथे माणसाची रात्र सुखरूप जायची की नाही हे आधी ठरत आले ते जमिनीपासून किती वर निजायचे यावर, आणि ती उंची घरात कोणाच्या वाट्याला येते यावर.

उंचीचा हा विचार जुन्या वैद्यकाला परका नव्हता. वाग्भटाच्या अष्टांगसंग्रहात दिनचर्येच्या ओघात शय्येचे वर्णन येते. जागा स्वच्छ असावी, उशी नीट असावी, अंथरूण ऐसपैस आणि सपाट असावे, शय्या गुडघ्याएवढी उंच असावी, आणि उसे पूर्वेला किंवा दक्षिणेला असावे. यातली शेवटची बाब घरोघरी टिकली. गुडघ्याची बाब लोकांच्या बोलण्यातून गळाली. दिशेला धर्माचे पाठबळ होते. विष्णुपुराणानेही पूर्व आणि दक्षिण याच दिशा सांगून, उलट निजल्यास रोग होतो असे बजावले आहे. सुश्रुताने जखमी माणसाचे उसे पूर्वेला ठेवायला सांगितले, आणि कारण दिले ते असे की पूर्वेला देव असतात, त्यांना मान दिला जावा. अलीकडे याच नियमाला पृथ्वीच्या चुंबकत्वाचे आणि रक्तातल्या लोहाचे कारण चिकटवले जाते. रक्तातले लोह खिळ्यासारखे चुंबकाकडे ओढले जात नाही, आणि या ग्रंथांत त्या कारणाचा मागमूसही नाही. ज्याला हा नियम पाळायचा आहे त्याने तो श्रद्धेने पाळावा. त्याला विज्ञानाचा उसना टेकू कशाला हवा?

कुशीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिच्यामागे निरीक्षण दिसते. जेवणानंतर आरामात बसावे, शंभर पावले चालावे आणि डाव्या अंगावर पडावे, हे सुश्रुताने सूत्रस्थानात सांगितले. आपली शतपावली आणि वामकुक्षी तिथूनच येतात. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने तर श्वास मोजून दिले: आठ श्वास उताणे, सोळा उजव्या कुशीवर, बत्तीस डाव्या कुशीवर, आणि मग वाटेल तसे निजावे. ‘वाटेल तसे’ ही सूट फार महत्त्वाची आहे. जठर आणि अन्ननलिका यांची ठेवणच अशी आहे की डाव्या कुशीवर असताना वर आलेले आम्ल लवकर खाली उतरते, हे आजच्या तपासण्यांतही दिसले आहे. पण म्हणून उजवी कूस वाईट ठरत नाही. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध उजव्या कुशीवरच पहुडलेला आहे, आणि बौद्ध परंपरेत तीच सिंहशय्या मानली जाते. दिवसा निजण्याबद्दलही चरकाने सरसकट बंदी घातली नाही. उन्हाळ्यात सर्वांना, आणि काम, ओझे किंवा वाट चालणे यांनी थकलेल्यांना त्याने मुभा दिली. तुमसरच्या बाजारात धानाची पोती वाहणारा हमाल या यादीत सरळ बसतो. रात्री जागरण झाले तर सकाळी काही न खाता त्याच्या निम्मा वेळ निजावे, हा वाग्भटाचा सल्ला चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत रात्रपाळी करणाऱ्याला आजही उपयोगाचा आहे.

आता जमिनीकडे येऊ. या मुलखात पाऊस लागला की तलाव, बोड्या आणि बांध्या पाण्याने भरतात, बिळांत पाणी शिरते आणि सरपटणारे जीव कोरड्या जागेच्या शोधात घराकडे सरकतात. घरात ढोलीत धान असते, धानापाठोपाठ उंदीर येतात, उंदरांपाठोपाठ साप येतो. त्यांतला मण्यार निशाचर आहे. तो उंदीर, पाली, बेडूक आणि दुसरे सापही खातो, आणि जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणाशी येतो. त्याचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली होती आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले होते, म्हणजे धानाचे परे (रोपे) टाकण्यापासून रोवणी संपेपर्यंतचे दिवस त्यांतच येतात. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणारी बाई रात्री जमिनीला पाठ टेकते तेव्हा तिची कूस डावी आहे की उजवी, याने या धोक्यात काहीच फरक पडत नाही.

या धोक्यावरचे जुने उत्तर म्हणजे दोराने विणलेली खाट. चार पाय, चार दांड्या, आडवाउभा ताणलेला दोर, आणि पायथ्याकडे थोडी मोकळी जागा, जिथला दोर ओढून सैल पडलेली खाट पुन्हा ताणता येते. उंची साधारण गुडघ्याएवढी, वाग्भटाने सांगितली तेवढीच. शेतात रानडुकरांपासून पीक राखणाऱ्यासाठी मचाण हेच काम करी. पण घरात माणसे पुष्कळ आणि खाटा एकदोन असत. खाट म्हाताऱ्याला, कर्त्या पुरुषाला, पाहुण्याला मिळे, बाळंतिणीला तेवढ्या दिवसांपुरती बाज मिळे, आणि एरवी बाया आणि पोरे हिवाळ्यात तणशीवर, बाकी वर्षभर चटईवर. सासऱ्यासमोर सुनेने खाटेवर बसू नये, या रीतीने गरिबीतल्या वाटणीला मर्यादेचे नाव दिले. दिशेचे शास्त्र सर्वांना सारखे लागू होते, त्याला पैसा लागत नव्हता, म्हणून ते टिकले. उंचीला लाकूड, दोर आणि घरातला मान लागत होता. माझ्या मते गुडघ्याची बाब गळून पडण्याचे खरे कारण हे आहे.

यावर आक्षेप येतात. एक असा, की खाटेला झोळ पडतो आणि कंबर धरते, त्यापेक्षा कडक जमीन पाठीला चांगली. झोळ पडलेली खाट वाईट हे मान्य. पण जितके कडक तितके चांगले, हेही खरे ठरलेले नाही. जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांवर स्पेनमध्ये झालेल्या आणि 2003 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत मध्यम कडक गादीवरच्यांना पार कडक गादीवरच्यांपेक्षा अधिक आराम पडला. ताणून घट्ट केलेली खाट त्या मध्यमाच्या जवळ जाते. दुसरा आक्षेप उन्हाळ्याचा आहे. मे महिन्यात सारवलेली भुई गार लागते आणि तिच्यावर पडण्याचा मोह कोणालाही होईल. मात्र खाटेखालूनही वारा खेळतो, आणि ती उचलून अंगणात टाकता येते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: आता घरे पक्की झाली, फरशी आली, मग साप कुठून येणार? फरशीने बिळे कमी होतात हे खरे, पण दाराची फट आणि धानामागचा उंदीर राहतोच, आणि गार लागते म्हणून माणूस फरशीवरच निजतो. खाट नसेल तर मच्छरदाणी तरी हवी, चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली. नेपाळच्या तराईत मच्छरदाणीत निजणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे 2007 मध्ये दाखवले गेले. पूर्व विदर्भात हिवताप आणि हत्तीपाय दोन्ही असल्याने इथे तिचा उपयोग दुहेरी आहे.

निजण्याच्या स्थितीबद्दल आज वैद्यक ठामपणे जे सांगते ते मुख्यतः दोन अवस्थांचे आहे. तान्हे बाळ नेहमी पाठीवर निजवावे. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या मध्यापासून पालथे निजवण्याचा सल्ला रूढ झाला होता, तो 1990 च्या दशकात बदलल्यावर झोपेतले अचानक बालमृत्यू निम्म्याच्या आसपास घटले. आणि शेवटच्या तीन महिन्यांतल्या गर्भवतीने निजताना उताणे न पडता कुशीवर व्हावे. तुमसरच्या आसपासच्या गावांत आशाताई गर्भवतीकडे लोहाच्या गोळ्यांची आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करते, तेव्हाच ती कुशीवर निजते का, खाटेवर की खाली, आणि खाली निजत असेल तर मच्छरदाणी आहे का, हेही विचारले गेले पाहिजे. कारण आषाढ-श्रावणात त्या घरातली एकुलती खाट बहुधा दुसऱ्याच कोणाच्या अंगाखाली असते.