मगनवाडीचा हिशेबनीस

मूर्तिपूजेवरचा मराठीतला जाहीर वाद जुना आहे. १८३१ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर लोकांसमोर भिडले, मग दोघांनीही आपापली बाजू छापली. विल्सनचा रोख देवळातल्या मूर्तीवर होता. त्या काळाची एक सवय आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना अजून आहे. मूर्तीपुढे हात जोडले नाहीत की आज्ञा पाळली, असं वाटतं. मूर्ती कायम दुसऱ्याच्या घरात असते.

बायबल मात्र एवढ्यावर थांबत नाही. पौलानं कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटलंय. येशूनं देवासमोर उभा केलेला दुसरा धनीही दगडाचा नाही, पैशाचा आहे. ग्रीक शुभवर्तमानात त्यासाठी ‘मामोन’ हा अरामी शब्द तसाच राहिलाय. हे शब्दशः मनावर घेणारा एक ख्रिस्ती माणूस आमच्या बोरगाव मेघेपासून जवळच, वर्ध्याच्या मगनवाडीत राहून गेला. त्यांचं नाव जे. सी. कुमारप्पा.

जन्म १८९२, तंजावर, तमिळ ख्रिस्ती घर. लंडनला शिकून ते हिशेबतपासनीस झाले आणि मुंबईत त्यांचा चांगला जम बसला. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास करताना भारताची गरिबी आणि ब्रिटिशांचा कारभार यांचा संबंध त्यांना आकड्यांत दिसला. १९२९ मध्ये ते गांधींना भेटले. सूट गेला, खादी आली.

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहींवर लाठ्या चालत असताना त्यांनी मिशनरी आणि धर्मगुरूंना आवाहन केलं, की येशूचं नाव घेता तर या हिंसेविरुद्ध उभे राहा. अँग्लिकन चर्चचे भारतातले प्रमुख, मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट, यांना ते पटलं नाही. कुमारप्पांनीही माघार घेतली नाही. चर्चनं साम्राज्याला देवाच्या जागी बसवलंय, असा त्या भांडणाचा अर्थ मी लावतो.

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत काम सुरू झालं. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या आणि खाद्यतेलावर जळणारा ‘मगनदीप’ कंदील. हे सगळं पाहून भाबडी ग्रामभक्ती वाटेल, पण कुमारप्पांचा मुद्दा हिशेबाचा होता. वस्तूची किंमत दुकानात संपत नाही, असं ते म्हणत. कोकोची पूड घेणारा माणूस आफ्रिकेतल्या मळ्यावरच्या जबरदस्तीत, समुद्रमार्ग राखणाऱ्या आरमारात आणि युद्धातही भागीदार होतो. त्याला ते ठाऊक नसेल, तरी त्याचा वाटा सुटत नाही.

हे वाचताना मला हातातला फोन आठवतो. जगातला बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतो आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलं राबताना आढळली आहेत. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात प्रत्येक सेकंद मोजला जातो, पण हा रकाना कुठल्याच डॅशबोर्डवर नसतो. कुमारप्पांकडून मी मूर्तीची एक ओळख शिकलो: ज्याचा हिशेब मागायला आपण कचरतो, ते आपलं दैवत झालेलं असतं.

ही कसोटी त्यांनी आपल्या माणसांनाही लावली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. गांधी आणि त्यांच्यासोबतचे लोक आले, तेव्हा त्यांचा खर्च निधीतून द्यायला त्यांनी नकार दिला. पैसा भूकंपग्रस्तांचा होता. १९३८ मध्ये काँग्रेसनं राष्ट्रीय नियोजन समिती नेमली, तीही त्यांनी लवकरच सोडली, कारण समितीचा ओढा मोठ्या कारखान्यांकडे होता. स्वातंत्र्यानंतर सरकार आपलं झालं, तरी त्यांची टीका थांबली नाही.

‘छोडो भारत’च्या काळात ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर आणि एक येशूच्या आचरणावर. दोन्हींना गांधींची प्रस्तावना आहे. लोक अर्थशास्त्राचं पुस्तक वाचतात आणि दुसरं ‘धार्मिक’ म्हणून बाजूला ठेवतात. कुमारप्पांसाठी ती एकाच वहीची दोन पानं होती. रविवारी केलेली प्रार्थना सोमवारच्या खरेदीत दिसत नसेल, तर ती नक्की कोणाला केली होती?

या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. फोन मी टाकून दिलेला नाही आणि नोकरीही सोडलेली नाही. स्वतः कुमारप्पा ३० जानेवारी १९६० रोजी, गांधींच्या स्मृतिदिनीच, गेले, तेव्हा देश धरणं आणि पोलाद कारखान्यांच्या वाटेवर खूप पुढे गेला होता. मगन संग्रहालय मात्र वर्ध्यात अजून उभं आहे. १९३८ मध्ये गांधींनी त्याचं उद्घाटन केलं होतं. शाळेच्या सहलीत आपण तिथे चरखे बघून बाहेर पडतो. पुढच्या वेळी गेलात, तर तिथल्या एखाद्या वस्तूपाशी थांबून विचारा, ही कोणी बनवली आणि त्याला काय मिळालं? मग तोच प्रश्न खिशातल्या वस्तूला विचारा.