मोहरेवरील व्यंग : टांकसाळीचें कीं मागाहूनचें ?

जुन्या घराण्याच्या पेटींतून निघालेली मोहोर सराफाच्या कांट्यावर चढली म्हणजे तेथें पहिला विचार होतो तो सोन्याच्या कसाचा. इतिहासाचा अभ्यासक आधीं निराळेंच विचारतो. हिच्यावरचें अर्धवट अक्षर, ही रेघ, हा पोचा टांकसाळींतच झाला, कीं पुढच्या दोनतीनशें वर्षांत कोणाच्या हातून झाला ? प्रश्न हौसेपुरता नाहीं. टांकसाळींतील चूक नाणें कसें पाडलें गेलें याची साक्ष देते. असें नाणें टाकाऊ समजून मुशींत गेलें तर ती साक्ष कायमची बुडते. आणि दागिन्यासाठीं घांसलेली मोहोर दुर्मिळ चूक म्हणून विकली गेली तर घेणारा नागवला जातो. दोन्ही प्रकार घडतात.

मोगलांच्या मोहरा हातानें पाडीत. अबुल फजलनें ‘आईन-इ-अकबरी’त टांकसाळीचें वर्णन केलें आहे. त्यांत ‘सिक्कची’ नांवाचा कामगार सोन्याची चकती दोन ठशांमध्यें ठेवी आणि दुसरा वरून हातोड्याचा घाव घाली. ठसा पुष्कळदां चकतीहून मोठा असे, म्हणून बादशहाचें किंवा शहराचें नांव अर्धेंच उमटे. अशी मोहोर पाहणाऱ्याला कातरलेली वाटते. येथें तराजूची साक्ष काढावी. मोगल मोहोर सुमारें ११ ग्रॅमची, तोळ्याहून किंचित कमी. नांव तुटलें असून वजन भरलें, तर सोनें कोणी काढलेलें नाहीं. अक्षरें झिजलेलीं नसतांना वजन ठळक घटलें आणि कडेला कानशीच्या रेघा दिसल्या, तर तो मागाहूनचा उद्योग.

दुसरी कसोटी याहून सोपी, आणि खरें पाहतां अधिक भरंवशाची. ठशावर जें खोल तें नाण्यावर उंच. घाव सोसून सोसून ठशाला चीर पडली कीं त्या चिरेंत सोनें शिरतें व नाण्यावर उंच रेघ उमटते; त्याच ठशाच्या दुसऱ्या मोहरेवरही ती त्याच जागीं सांपडूं शकते. ओरखडा मात्र खोल असतो. तो अक्षरें आडवीं कापीत जातो आणि त्याच्या कांठाशीं सरकलेलें सोनें नखाला लागतें. कस पाहण्यासाठीं सराफानें मारलेली छिन्नीची खूण याच जातीची होय. पहिल्या घावानंतर चकती थोडी फिरली तर अक्षरें दोनदां उमटतात, खालचीं दबलेलीं व वरचीं ठसठशीत. नुसत्या चेपण्यानें नवें अक्षर जन्मत नाहीं.

सर्वांत मौजेची चूक निराळीच. पाडलेलें नाणें कधीं वरच्या ठशालाच चिकटून राही. मग पुढच्या चकतीवर खालून नेहमींची छाप उठे, आणि वरून त्याच छापेची खोलगट, आरशांतल्यासारखी उलटी प्रतिमा ! दोन नाणीं एकमेकांवर ठेवून ठोकल्यानेंही उलटीं अक्षरें खोल उमटतात. पण त्यांच्याखालीं मूळ छापेचे चेपलेले अवशेष राहतात आणि पाठीमागची बाजूही सपाट होते.

महाराष्ट्रांत हा विषय पुतळ्यांच्या माळेशीं येऊन भिडतो. व्हेनिसचें डुकाट हें सोन्याचें नाणें १२८४ पासून पाडलें जाऊं लागलें व १७९७ मध्यें तें प्रजासत्ताक मोडेपर्यंत चाललें. त्याचें वजन सुमारें साडेतीन ग्रॅम. संत मार्कपुढें गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपति त्यावर असतो. या आकृत्यांवरूनच आपल्याकडे त्याला पुतळी म्हणूं लागले. हिंदुस्थानांत त्याच्या नकलाही झाल्या. कित्येक नकलांवर लॅटिन अक्षरांच्या जागीं अर्थहीन रेघा आहेत. ती टांकसाळीची चूक नव्हे, लिपी न जाणणाऱ्या कारागिराचा हात आहे.

माळेसाठीं पुतळीच्या कडेला नाकें झाळून बसवीत. तें पुढें काढून टाकलें तरी झाळेचा वेगळ्या रंगाचा डाग आणि कानशीच्या बारीक समांतर रेघा तेथें राहतात. ज्यांच्या घरीं अशी माळ असेल त्यांनीं त्या भिंगानें अवश्य पाहाव्या. मात्र त्यापूर्वीं ती रिठ्याच्या पाण्यांत ब्रशानें घांसूं नये, कारण सोनें मऊ असतें आणि नव्या रेघा जुन्यांत मिसळून जातात.