नाताळची करंजी

चारकोप हे साष्टी बेटावरचे जुने गाव. १५३४ साली साष्टी पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढे बेटावरील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. १७३७ साली ती मराठ्यांनी घेतली. पोर्तुगीज गेले, या घरांचा धर्म मात्र राहिला, आणि बोलीही मराठीच राहिली. १८८७ साली या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. पण ताट बदलले नाही. नाताळाआधी घरच्या बायका एकत्र बसून नेवऱ्या भरतात, फणीवर कलकल वळतात, शेजारी ताटे धाडतात. नेवरी म्हणजे आपली दिवाळीची करंजीच! आता वसाहती वाढल्या, अंगणे आकसली. हे एकत्र बसणेच मोडले, तर दोन सणांचे हे जुने नाते कोणत्या दप्तरात शोधायचे?