रंग खरवडण्याआधी : एका सेकंडहँड जॅग्वारची गोष्ट

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "प्राथमिक साधन म्हणजे कागदच का?" उत्तर द्यायला मी माझीच एक चूक सांगणार आहे. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात केलेली आणि आता भरून न येणारी.

माझा विषय थोडक्यात असा: आयात-निर्बंधांच्या काळात भारतात विकली गेलेली खेळणी. १९५६-५७ च्या परकीय चलनाच्या संकटानंतर आयात परवान्यांची व्यवस्था आवळली गेली आणि खेळण्यांसारख्या 'चैनीच्या' वस्तू बाहेरून आणणं जवळजवळ अशक्य झालं. मग लहान मुलांच्या हातात काय आलं? त्याचं एक उत्तर मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, एका कुलुपांच्या ढिगाखाली सापडलं. तळहातापेक्षा थोडी लांब, हिरव्या ऑईल पेंटने माखलेली, एक टायर गायब असलेली जॅग्वार ई-टाईप. छप्पर नव्हतं. (या मॉडेलचं छप्पर काढता-घालता येतं, त्यामुळे ते पहिल्यांदा हरवतं.) दुकानदार म्हणाला, "जुनी आहे, घासली की चमकेल." मीही तसंच समजले.

आधी गाडीची कुळकथा. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो कंपनीचा कारखाना होता. मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी. तिथे १९३३ च्या शेवटी खेळण्यातल्या रेल्वेसोबत मांडायला छोट्या गाड्या निघाल्या आणि १९३४ पासून त्यांचं नाव 'डिंकी टॉईज' झालं. कलेक्टर लोकांचं जे लाडकं १:४३ प्रमाण आहे, त्याचा उगमही रेल्वेतच. ओ-गेज रेल्वेत एक फुटाला ७ मिलिमीटर धरत, म्हणजे साधारण १:४३.५. मोटारीच्या मॉडेलचं माप असं आगगाडीने ठरवलं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

खरी जॅग्वार ई-टाईप १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हात लोकांसमोर आली आणि डिंकीने पुढच्याच वर्षी १२० क्रमांकाचं मॉडेल काढलं. पुढे १९६४ मध्ये मेकॅनो लाइन्स ब्रदर्सने विकत घेतली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे वापरून झालेले काही साचे कलकत्त्याला आले. तिथल्या अ‍ॅटॅम्को प्रायव्हेट लिमिटेडने त्यातून 'निकी टॉईज' नावाने गाड्या काढल्या. साचा तोच, नाव वेगळं. माझ्या गाडीच्या तळावर ते दिसतं: जुनं नाव खोडलेली जागा खडबडीत आहे आणि शेजारी नवं नाव आहे. हे मला घरी आल्यावर, भिंगाखाली दिसलं. तोपर्यंत मी निम्मं काम करून बसले होते.

रिस्टोरेशन कसं करतात, ते सांगते, म्हणजे चूक कुठे झाली ते कळेल. अशा गाड्यांची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. जस्त साधारण ४२० अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून ते पोलादी साच्यात दाबाने भरणं सोपं जातं. बॉडीला आतून खुंट्या असतात. त्या तळाच्या भोकांतून बाहेर काढून त्यांची टोकं ठोकून पसरवतात आणि रिव्हेट तयार होतात. रिस्टोरेशन करणारा ती डोकी ड्रिलने उडवतो, तळ सुटा करतो, पेंट रिमूव्हरने रंग काढतो, साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावरची रेघ कानसने घासून सपाट करतो, मग प्रायमर, मग रंग, नवे टायर आणि शेवटी रिव्हेटच्या जागी बारीक स्क्रू. (कॉस्टिक सोडा वापरू नका. जस्तालाच खातो. काही जण सांगतात 'चालतो', पण नको.)

मी बॉनेटवर आणि डाव्या बाजूला रिमूव्हर लावला, टूथब्रशने घासलं, वाहत्या नळाखाली धुतलं. मग डाव्या बाजूची सांध्याची रेघ घासून टाकली, कारण ती 'घाण' दिसत होती. फोटो? एकही नाही. उत्साहात होते.

दुसऱ्या दिवशी गाडी मॅडमना दाखवायला नेली. त्यांनी हातात घेतली, उलटी केली, आणि विचारलं, "हा इथला रंग कुठे गेला?"

"काढला, मॅडम. वरचा होता, मूळ नव्हता."

"मूळ नव्हता हे तुला कशावरून कळलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर ते मिळालं, पण अर्ध्याच गाडीवरून.

ज्या ठिकाणी रिमूव्हर थांबला होता, तिथे कडेला पायऱ्या दिसत होत्या. सर्वांत वर हिरवा, खाली निळा, आणि तळाशी लाल. लाल कारखान्याचा असावा, असं मनात आलं. पण 'असावा' म्हणजे पुरावा नाही. गाडी न उघडता तपासायचं तर चाकांच्या खोबणीत आतून बघायचं. तिथे ब्रश सहज पोचत नाही, स्प्रे पोचतो. टॉर्च धरला तर आत फक्त लाल होता, पातळ आणि सारखा. हिरवा खोबणीच्या कडेलाच थांबलेला, ब्रशच्या फटकाऱ्यांसकट. शिवाय पुढच्या काचेवर आतल्या बाजूने हिरव्या रंगाचा एक थेंब सुकलेला होता. म्हणजे हिरवा रंग काच जागेवर असताना, हाताने, बहुधा घरी दिला गेला.

आणि रिव्हेटच्या डोक्यांवरही हिरवा रंग होता, न फुटलेला. म्हणजे हिरवा रंग लागल्यावर कुणी तळ उघडलेला नाही. कागदपत्रांच्या भाषेत सांगायचं तर सील शाबूत. हिरवा रंग कोणत्या वर्षीचा ते यावरून ठरत नाही, फक्त क्रम ठरतो: लाल, निळा, हिरवा. इतिहासात कित्येकदा तारीख मिळत नाही, क्रम मिळतो, आणि त्यावर बरंच काही उभं राहतं. बखरींवर काम करणारे हे रोज करतात.

आता सर्वांत टोचणारी गोष्ट. मी घासून टाकलेली ती सांध्याची रेघ. साचा नवा असताना दोन भाग घट्ट बसतात. हजारो वेळा वापरल्यावर कडा झिजतात, धातू फटीत शिरतो आणि रेघ जाड होते. म्हणजे रेघेची जाडी ही साच्याच्या वयाची खूण होती. माझा प्रश्नच तो होता: कलकत्त्यात आलेले साचे कितपत थकलेले होते? इंग्लंडमध्ये निघालेली एखादी डिंकी आणि इथे निघालेली निकी व्हर्नियरने मोजून शेजारी ठेवली, तर काही सांगता येईल. माझ्याकडे आता उजवी बाजू उरली आहे. डावीकडे मी माझ्या हाताने पुरावा कानसला, आणि तोही 'सुंदर दिसावं' म्हणून.

कुणी म्हणेल, एकाच गाडीवरून काय मोजणार? बरोबर आहे. एका गाडीवरून कारखान्याबद्दल विधान करता येणार नाही. पण ज्या वस्तू शेकड्याने कचऱ्यात गेल्या, त्यांतली एक हातात आली तर तिची एक बाजू म्हणजे नमुन्याचा अर्धा भाग.

तळाला पुढच्या टोकाशी एक भोक आहे. कारखान्याचं नाही, कडा ओबडधोबड आहेत, खिळ्याने पाडलेलं वाटतं. बॉनेटवर काम करताना ते मला 'डॅमेज' वाटलं होतं आणि बुजवायची पुटी मी आणूनही ठेवली होती. पुन्हा बघितलं तर भोकाची पुढची कड गुळगुळीत झालेली आहे, मागची नाही. म्हणजे त्यातून काहीतरी पुढे ओढलं जात होतं. सुतळी बांधली असणार. आमच्या गावी लाकडी बैलगाडीला अशीच सुतळी बांधून पोरं अंगणभर ओढत नेत. लिव्हरपूलच्या साच्यातून निघालेली स्पोर्ट्स कार इथे कुणीतरी बैलगाडीसारखी ओढली. पण एका भोकावरून 'भारतीय मुलं अशी खेळत' असं लिहू नका. मी सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं आणि मॅडमनी लाल पेनाने त्यावर फक्त "किती मुलं?" एवढंच लिहिलं.

जे कलेक्टर पूर्ण रिस्टोर करतात, त्यांना नावं ठेवायची नाहीत. लहानपणी होती तशी गाडी पुन्हा टेबलावर बघायची, ही इच्छा मला कळते. शिवाय युद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी जस्तात शिसं मिसळल्यामुळे आतूनच भुगा होत चालल्या आहेत. तिथे रंग तसाच ठेवला काय, काढला काय, वस्तू टिकणारच नाही. तिथे फोटो आणि मापं घेऊन मोकळं व्हायचं. माझी गाडी मात्र ठणठणीत आहे, म्हणून मला तिला हात लावायचं कारणच नव्हतं.

आता मी काय केलं? उरलेले तीन टायर काढून, तारीख लिहिलेल्या झिपच्या पिशवीत ठेवले, कारण रबर चिकट होऊन रंगाला धरत होतं. नवे टायर मागवले आहेत. ते केव्हाही काढता येतील, म्हणून चालतील. बॉनेट उघडं धातूचंच ठेवलं आहे, बोटांचा घाम लागू नये म्हणून हातमोजे घालूनच धरते. उजवी बाजू सहा दिशांनी, शेजारी मोजपट्टी ठेवून टिपली आहे. पुटीचा डबा शेजारच्या काकांना त्यांच्या खिडकीसाठी दिला.

पुढच्या महिन्यात समितीसमोर प्रेझेंटेशन आहे. डाव्या बाजूचा फोटोही स्लाईडवर टाकते आहे, खाली "रिमूव्हरने काढला, संशोधक" असं लिहून. मॅडम म्हणाल्या, फॉन्ट लहान ठेवू नकोस.